बाबांचा श्वास मी वापरला

बाबांच्या नाकातली नळी सात मीटरची आहे. ऑक्सिजनचं मशीन पलंगाच्या पायाशी. तिथून नळी मोरीपर्यंत पुरते, खिडकीपर्यंत पुरते, दाराच्या उंबरठ्यापर्यंत पुरते. बाहेरच्या गॅलरीत पुरत नाही. लालबागच्या चाळीत ज्याची उभी हयात गेली त्याला गॅलरीत बसता येत नाही म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. ते उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकतात. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून त्यांना दोन वर्षं झाली.

गिरणीत ते कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जायचा, त्याची धूळ पाळीभर छातीत जायची. गिरणी बंद पडली, धूळ आत राहिली. प्रत्येक नव्या डॉक्टरला ते हे स्वतःच सांगतात, मला बोलू देत नाहीत.

मशीन विजेवर चालतं. वीज गेली की कुणीतरी उठून नळी सिलिंडरला जोडायची असते. कुणीतरी म्हणजे मी. आई गेली त्याला बारा वर्षं झाली, भाऊ नाही, आणि माझ्या लग्नाचा विषय आईबरोबरच संपला. कामाला जाते तेव्हा शेजारच्या वहिनी येऊन बसतात, पण त्यांनाही त्यांचं घर आहे, किती म्हणून सांगायचं? तीन तासांच्या वर बाहेर राहिले की दर दहा मिनिटांनी वहिनींना फोन करते. मला कंटाळा येतो, हे मी उघड सांगते. बाबांचा नाही, या परिस्थितीचा, असं पुढे जोडते, कारण तसं बोलायची रीत आहे. खरं सांगायचं तर कधीकधी बाबांचाही येतो. मग मीच त्यांच्यासाठी पेज करते आणि मीच डोळे पुसते.

काम माझं आवाजाचं. परदेशी मालिका मराठीत येतात, त्यातल्या बायकांना मी आवाज देते. स्टुडिओ दादरला, एका इमारतीच्या तळघरात. काचेची एवढीशी खोली. दार बंद, पंखा नाही, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की एसीही बंद, कारण माइक सगळं पकडतो. घामाने चिंब होऊन तिथून सुटले की घरी मशीनची घरघर, तीही खिडकी बंद करून, कारण धूळ आलेली बाबांना चालत नाही. एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात. एवढाच माझा प्रवास.

गेल्या वर्षी अंतराळातली एक ॲनिमेशन मालिका आली. मी म्हटलं, झालं, परत राक्षस आणि तलवारी. पण ही भलतीच निघाली. आकाशात एक मोठं स्थानक आहे आणि गोष्ट तिथल्या मोठ्या लोकांची नाही, तर देखभाल करणाऱ्या टोळीची. गळके पाइप बदलणारे, हवेच्या टाक्या भरणारे, बाहेर दोराला लटकून पत्रे ठोकणारे. तीन पाळ्यांत काम. तिघांत एक बिछाना, एक उठला की दुसरा त्याच उबेवर आडवा. गावी पैसे पाठवायचे, साहेबाला शिव्या घालायच्या, सुट्टी मागायची आणि ती मिळायची नाही.

माझ्या वाट्याला त्या टोळीची मुकादम आली. पन्नाशीची, तिरसट बाई. तिरसट भूमिका असली की फोन मलाच येतो. का, ते विचारू नका.

रविवारी जेवण झालं की बाबा नवा भाग लावायला सांगायचे. पहिल्याच भागात तो बिछाना बघून म्हणाले, "ह्यां आमच्या गाळ्यासारखांच गो. नुसतां वर नेऊन ठेवल्यानी." गाळा म्हणजे गिरणीच्या दिवसांत गावाहून आलेली माणसं पाळीपाळीने राहायची ती खोली. तेव्हापासून ते या मालिकेचे मालकच झाले. वहिनी म्हणायच्या, "या वयात कार्टून कसलं बघता?" त्यावर ते त्यांना अख्ख्या टोळीची खानेसुमारी ऐकवायचे. मलाही सोडायचे नाहीत. "मुकादम इतको गोड बोलना नाय. 'आपण थोडी विश्रांती घेऊया' असा कोण म्हणता?" मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तेच भांडले. दिग्दर्शक पुण्याचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण ऐकून घेणारा. "मग काय म्हणेल ती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "'टेका जरा' म्हणेल." पुढच्या भागापासून तेच ठेवलं. बाबांना केवढा आनंद झाला होता.

मग तो भाग रेकॉर्डिंगला आला. मुकादम बाई बाहेर काम करत असते, आत यायचं दार अडकतं. आतली माणसं दार उघडायला झटतात आणि बाहेर तिच्या टाकीतली हवा संपत येते. चार मिनिटं संवाद नाही, नुसता श्वास. शेवटी तो थांबतो. दार उशिरा उघडतं.

"हे सगळं तुमच्या श्वासावर आहे, ताई," दिग्दर्शक म्हणाला. मी सिनेमात टाकतात तशा धापा टाकल्या. त्याला आवडलं. मी हेडफोनवर परत ऐकलं आणि माझीच मला चीड आली. म्हटलं, "पुसून टाक. ही जिना चढून आलेली बाई आहे, हवा संपलेली नव्हे."

हवा कमी असलेला माणूस घाई करत नाही. घाई त्याला परवडत नाही. आधी तो खांदे वर घेतो, मग थोडीशी हवा आत घेतो, आणि ओठ गोल करून गरम चहावर फुंकर घालावी तशी लांब, हळू सोडतो. मध्येच थांबतो. थांबल्यावर समोरच्याला वाटतं, आता काय झालं, आणि मग बारीकशी शीळ वाजून पुढचा श्वास येतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. रोज त्याच खोलीत झोपते मी. मी डोळे मिटले आणि बाबांचा श्वास घेतला. काचेपलीकडे कुणी हललं नाही.

सगळं जमलं, फक्त शेवट जमेना. शेवटचा श्वास सोडायचा आणि गप्प राहायचं, एवढंच काम. पण दर वेळी सोडून झाला की मी पुढचा घ्यायची. नकळत. "ताई, ती गेली आहे, आता श्वास नाही." "कळतंय मला." परत केलं, परत घेतला. सहा टेक झाले. सहाही वेळा ती शीळ. शेवटी रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "राहू दे ताई, मी कापतो." मी पाणी प्यायले आणि वर रस्त्यावर आले.

घरी येईपर्यंत मनात एकच. माणूस एकेका श्वासासाठी झगडतोय आणि मी तो नेऊन माइकसमोर ठेवला. वर त्याला मारूनही आले. कुठे फेडू हे?

बाबांची ती मुकादम फार लाडकी. दर रविवारी विचारायचे, "चेडवा, खरां सांग, ती वाचता मां?" गोष्ट फोडायची नाही अशा कागदावर आमची सही असते. मी म्हणायची, "वाचते हो." सहीसाठी नव्हते खोटं बोलत. त्यांनी ते ऐकू नये, तो श्वास ओळखू नये आणि तो थांबलेला तर मुळीच बघू नये, एवढंच मला हवं होतं.

तो भाग आला त्या रविवारी मी सांगितलं, इंटरनेट बंद आहे. बाबांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. त्यावर मला मेसेज येत होते. "बंद हा तर ह्यो कसो वाजता?" वहिनींनी त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, नवा भाग आलाय म्हणून. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात दोन एकदम बघू. ते खुर्ची सरकवून टीव्हीसमोर बसले आणि बसूनच राहिले. माझा तिरसटपणा कुणाकडून आलाय, ते असं त्यांच्याकडे पाहिलं की कळतं. शेवटी मी लावला.

दार अडकलं. श्वास सुरू झाला. मशीनच्या घरघरीत तो नीट ऐकू येईना. बाबांनी हाताने खूण केली, मी आवाज वाढवला. परत खूण. आणखी वाढवला. मग ते वाकले आणि त्यांनी मशीनच बंद केलं.

"बाबा, काय करताय?" मी उठले. त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून. बसल्या जागी थोडा वेळ चालतं, डॉक्टर म्हणाले होते, पण मी जाऊन मशीनच्या बटणावर बोट ठेवून बसले. खोली एकदम शांत झाली. कितीतरी महिन्यांनी मला गॅलरीतली पावलं ऐकू आली, पलीकडच्या घरातल्या कुकरची शिटी ऐकू आली. आणि दोन श्वास. एक टीव्हीतला, एक खुर्चीतला. तेच खांदे, तीच शीळ. कुठला कुणाचा ते मला सांगता येईना. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं होतं त्यांनी. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते परत पडद्याकडे वळले. टीव्हीतला श्वास लांब सुटला आणि थांबला. पुढे काही आलं नाही. पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली. बाबांचा एकट्याचा चालू राहिला.

मी म्हटलं, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. बोलायला हवा गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"कापल्यानी," ते म्हणाले.

"काय?"

"फुडचो. फुडचो होतो." थांबले. "त्येंनी कापल्यानी. तू घेतलंस मां?"

"घेतला," मी म्हटलं. "सहाही वेळा घेतला."

"मग बरां," बाबा म्हणाले. "आता लाव मशीन."

मी बटण दाबलं.