गोत्र विचारणारा प्रोग्राम

पांढरीपांडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सरांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज कोरडा होता. "सकाळी गेले. तुला कळवायला सांगून ठेवलं होतं त्यांनी..." सरांशी माझं एकदा चांगलंच वाजलं होतं. ते मी आजवर कुठे बोलले नाही, पण सर स्वतः कधी लपवत नसत. म्हणून लिहिते.

हिंदी मुलखातल्या अधारतालच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा कारखान्यात कामगार. शेवटच्या वर्षी कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला मी नापास झाले. फेरपरीक्षा आठ दिवसांवर. तीही गेली असती तर पदवीच हातची गेली असती. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सरांच्या घरच्या पुढच्या खोलीतल्या क्लासला जायचे.

वाजलं त्या दिवशी ते वाक्यात व्हॅल्यू बसवणं शिकवत होते. "ग्वारीघाटावरचा पंडित काय करतो? संकल्प रोज तोच. नाव अन् गोत्र आलं की थांबतो, समोरच्याला विचारतो. आपलंही तसंच. अख्खं वाक्य आधी लिहा, बदलणाऱ्या गोष्टीच्या जागी महिरपी कंस ठेवा. प्रोग्राम विचारेल, अन् कंसात तुमचं उत्तर बसवेल." सगळ्यांनी तोच, नाव आणि गोत्र विचारणारा प्रोग्राम लिहिला. भराभर वाक्यं उमटली. माझ्या स्क्रीनवर 'गोत्र?' आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

"संगीता, काहून थांबली?"

"आमच्यात गोत्र नसते, सर. आम्ही बौद्ध."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे दीदी, कुछ भी डाल दो ना!" दोघं-तिघं हसले. सर घाईत होते. म्हणाले, "कश्यप टाक. ज्यांना माहीत नसते ते कश्यपच सांगतात."

"माहीत नाही असं नाही, सर. नाहीच."

मी वही उचलली आणि निघाले. तीन दिवस गेले नाही. परीक्षा जवळ येत होती, पण पाऊल उचलत नव्हतं. बाबांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

चौथ्या दिवशी सरांची स्कूटर दारात. सर उंबऱ्याबाहेरच उभे. "चूक माझी झाली, भाऊ. वाक्यच चुकीचं लिहिलं मी. पोरीचं उत्तर बरोबर होतं. तिला पाठवा उद्यापासून."

मी दाराआड. बाबा 'नाही' म्हणाले तर संपलंच...

"परीक्षेत हे विचारतात काय, सर?"

"नाही."

"मग तुम्ही काहून विचारलं?"

सरांनी मान खाली घातली. बाबाच म्हणाले, "आत या, चहा घ्या. उद्या येईल ती."

परीक्षेत विद्यार्थ्याचं नाव आणि दोन दशांशांपर्यंत टक्के एका वाक्यात छापायचे होते. वाक्य आधी लिहिलं, कंस ठेवले, चालवलं. पास झाले. आज पोट त्याच कामावर भरते, आणि हे मी मान वर करून सांगते.

परवा काकूंना भेटायला गेले. त्यांनी खोली उघडून दिली. "बघ तू, मला त्यातलं काही समजत नाही." कॉम्प्युटर सुरू केला. नव्या पोरांसाठी सरांनी लिहिलेला पहिला धडा समोरच होता. चालवला. नाव विचारलं, ते टाकलं. मग प्रश्न आला, 'आणखी काही सांगायचंय?' मी काहीच न लिहिता एंटर दाबलं.

स्क्रीनवर आलं, 'नमस्कार, संगीता. एवढं पुरे.'