रेघ राहिलेला ठिपका

आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या वायरमनला अख्खा रस्ता ‘आठदिवसे’ म्हणतो. आडनाव नव्हे ते. गाडीचं काम झालं, गिऱ्हाईक किल्ली घेऊन निघालं, की हे हात पुसत मागून सांगणार, आठ दिवसांनी एकदा दाखवून जा. ट्रकवाला असो नाहीतर स्कूटरवाला, कुणाची सुटका नाही. डॉक्टरसुद्धा पेशंटला एवढं बोलावत नसतील. माझं बॅटऱ्यांचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकते. माझे मिस्टर आणि ते, दोघांनी एकाच वर्षी गाळे घेतले होते. मिस्टर गेले, दुकान माझ्या गळ्यात आलं, आणि त्यांची ‘वहिनी’ ही हाक तेवढी तशीच राहिली. मीही त्यांना भावजीच म्हणते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असेल.

भावजी कामाला पक्के. गाडीच्या वायरिंगमधला दोष शोधायला बसले की समोर हत्ती आला तरी मान वर करणार नाहीत. त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. टेबलावर पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणि बारीक ब्रश कायम असतो. दोष सापडला की दुरुस्ती नंतर, आधी त्या जागेशेजारी पिवळा ठिपका. दुरुस्ती झाली की त्याच ठिपक्यावरून आडवी रेघ. ठिपका म्हणजे सापडला, रेघ म्हणजे मिटला. तरुणपणी एकदा मध्येच चहाला गेले आणि कुठला नट सैल होता तेच विसरले, तेव्हापासून आपण आपल्या डोक्यावर भरवसा ठेवत नाही म्हणतात. आता हाताला इतकी सवय झालीय की ठिपका लावल्याचं त्यांना कळतही नाही.

रेघा मारायचं काम एके काळी त्यांच्या मुलीकडे होतं. शाळा सुटली की ती गाळ्यात यायची, दप्तर माझ्या काउंटरवर टाकायची आणि स्टुलावर चढून, जीभ दातात धरून रेघ मारायची. एकही वाकडी नाही.

भावजींच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली. मुलगी तोवर एक्स-रे काढायचं शिकून हॉस्पिटलात लागली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिनं खोली घेतली. भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडण मिटवता तरी येतं. इथे बोलणंच आटत गेलं. दोघांच्या मधली बोलणारी बाई गेली, आणि हे दोघं एकमेकांकडे बघत राहिले. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन. जेवलात का, हो. तू जेवलीस का, हो. मग दोघंही फोन कोण आधी ठेवतंय याची वाट बघणार. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं.

गाळ्याच्या वरच त्यांच्या दोन खोल्या आहेत. जिना चढायला बारा पायऱ्या. पण काम संपलं तरी हा माणूस वर जायचा नाही. शटर अर्धं ओढून स्टुलावर बसून राहायचा, हातात एखाद्या गाडीचा जुना सेल्फ-स्टार्टर घेऊन, जणू काही तो उद्याच हवाय कुणाला. आठ दिवसांनी या, असं ते आधीही म्हणायचे, पण ते सवयीनं. या चार वर्षांत ते खरंच वाट बघायला लागले. गिऱ्हाईक आलं की बॉनेट उघडायचं, मीटर लावायचा, सगळं ठीक आहे म्हणायचं, आणि तेवढीच दहा मिनिटं कुणीतरी समोर बसलेलं असायचं.

मग एका रविवारी सकाळी गाळ्यासमोर पांढरी करकरीत गाडी उभी राहिली. सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. आतून मुलगी उतरली.

मी काउंटरवरून बघत होते. दारातच थांबून ती म्हणाली, बाबा, गाडी दाखवायला आणलीय. म्हणजे बापाला भेटायला नाही, वायरमनकडे आलीय, हे तिनं पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं. दोन महिन्यांची गाडी. चालता चालता समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो, पडद्यावर चार्जिंग तपासा असं येतं, आणि आपोआप जातं. कधी सकाळी बटन दाबलं की नुसतं टक टक टक होतं, इंजिन फिरत नाही. शोरूमवाल्यांनी एकदा बॅटरी बदलली, दुसऱ्यांदा कॉम्प्युटर लावून सगळं चांगलं आहे म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिथल्या साहेबांनी तिलाच विचारलं, मॅडम, तुम्ही बटन नीट दाबता ना? त्यावर तिचं डोकं फिरलं आणि ती तडक इकडे आली. त्या साहेबांचे खरं तर आभारच मानायला हवेत.

भावजींनी बॉनेट उघडलं. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाच्या अंगाला, आणि तिला बटन दाबायला सांगितलं. काटा हलायलाच नको होता, तो चांगला सव्वा व्होल्टवर गेला. म्हणजे बॅटरी ठणठणीत, चार्जिंग ठणठणीत, पण इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला जोडणारी जी अर्थिंगची पट्टी असते, तिथून करंट नीट परतत नव्हता. कारखान्यात कुणीतरी पट्टीचा बोल्ट रंगावरच आवळला होता. खाली कोरा पत्रा हवा, तिथे रंगाचा थर. गाडी हादरली की पट्टी कधी टेकायची, कधी सुटायची. कॉम्प्युटर लावला तेव्हा टेकलेली असणार.

दोष त्यांना वीस मिनिटांत सापडला होता. हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

त्या दिवशी त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, वायरिंगचं किचकट काम आहे, आज तात्पुरतं करून दिलंय, आठ दिवसांनी दाखवून जा. तिनं मान हलवली. चहा झाला. ती तासभर बसली. हॉस्पिटलातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती, एक्स-रे काढताना श्वास रोखा म्हटलं तर तो घरी जाईपर्यंत श्वास सोडायलाच तयार नव्हता म्हणे. भिंतीपलीकडून भावजींचं हसणं आलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मी हातातलं काम ठेवून ऐकत उभी राहिले.

पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर. शुक्रवारी दिवा परत लागला होता. भावजींनी पुन्हा वाकून काहीतरी केलं, पुन्हा आठ दिवस. ते चहा घेऊन येईपर्यंत ती एकटीच उघड्या बॉनेटपाशी बराच वेळ उभी होती. तिसऱ्या रविवारी ती डबाच घेऊन आली. भावजींची स्वारी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. मी विचारलं, काय, मुलगी बघायला निघालात की काय? लाजले चक्क. दोघं डबा खायला वर गेले. बारा पायऱ्या, आणि माणूस शीळ घालत चढला.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. बंद पडलेल्या ट्रकचा दोष तासाभरात काढणारा माणूस एका नव्या कोऱ्या गाडीत तीन रविवार कशाला घालवतोय? ते दोघं वर होते, बॉनेट उघडं होतं. मी गेले आणि वाकून बघितलं. पट्टीच्या बोल्टशेजारी पिवळा ठिपका. चांगला वाळलेला, वर धूळ बसलेली. रेघ नव्हती. बोल्टाखाली रंग तसाच. बॅटऱ्या विकता विकता एवढं मलाही कळतं. हा माणूस दर रविवारी नुसती पट्टी हलवून ठेवत होता, म्हणजे चार-सहा दिवस चालावं आणि पुन्हा बिघडावं.

मुलगी जाईपर्यंत मी कशीबशी कळ काढली. मग सरळ त्यांच्या गाळ्यात शिरले.

“पहिल्याच दिवशी सापडलं होतं ना?”

त्यांनी नाही म्हटलं नाही. ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, “दहा मिनिटांचं काम आहे, वहिनी. दहा मिनिटांत केलं असतं, तर ती दहा मिनिटांत गेली असती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि भर रस्त्यात गाडी बंद पडली, मागून ट्रक आला, तर? मग कुणाला सांगणार, आठ दिवसांनी दाखवून जा म्हणून?”

ते मटकन स्टुलावर बसले. मी बोलायचं ते बोलून बाहेर आले आणि दुकानात येऊन विनाकारण बॅटऱ्यांची जागा बदलत बसले. खरं सांगू? निम्मा राग त्यांच्यावर नव्हताच. माझा मुलगा वर्षातून एकदा येतो, बूट न काढता काउंटरपाशी उभा राहतो आणि दुकान कधी विकणार विचारून जातो. त्याला अडकवून ठेवायला माझ्या हातात साधा एक सैल बोल्टही नाही. मला भावजींचा हेवा वाटला होता, आणि त्याची लाज वाटली.

सोमवारी सकाळी सकाळी भिंतीपलीकडे त्यांचा आवाज आला. स्वतःहून फोन लावला होता, जे कधी करत नाहीत. गाडी आजच घेऊन ये म्हणत होते. तिला ड्युटी होती, रविवारीच जमणार होतं. मग तोवर गाडीला हात लावू नकोस, बसनं जा, असं त्यांनी तीन-तीनदा बजावलं. आठवडाभर त्यांच्या तोंडून ते नेहमीचं वाक्य बाहेर पडलं नाही. एका ट्रकवाल्यानं तर मला येऊन विचारलं, आठदिवसे आजारी आहेत का?

चौथ्या रविवारी त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. पाना, पॉलिश पेपर, ग्रीस. दातेरी वॉशर तेवढा माझ्याकडून मागितला होता, तो द्यायला मी गेले आणि मुलगी त्याच वेळी आली. भावजी घसा खाकरून काहीतरी बोलायच्या तयारीत होते. पण तीच आधी बोलली. लांबच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती. गाडीनं अकरा तासांचा रस्ता. गाडी घेतली ती त्यासाठीच. तीन महिने झाले ठरून, सांगायचं कसं ते कळत नव्हतं. उद्या पहाटे निघायचं होतं.

“म्हणून आज पूर्ण करून द्या, बाबा,” ती म्हणाली. “ठिपका मी दुसऱ्याच रविवारी बघितला. त्यावर रेघ नव्हती.”

भावजींच्या हातातला पाना तसाच राहिला. “मग बोलली का नाहीस?”

“मला यायचं होतं.”

मी वॉशर टेबलावर ठेवला. तिथून निघायला हवं होतं, पण पाय उचलेना. भावजी गाडीकडे वळले. बॅटरीची मायनस वायर काढली, बोल्ट खोलला, आणि पॉलिश पेपर घेऊन तो रंग घासायला लागले. पत्रा चकचकीत झाला तरी घासत होते. शेवटी मुलीनंच त्यांच्या हातातून पेपर काढून घेतला. वॉशर बसवला, पट्टी बसवली, बोल्ट आवळला, ग्रीस लावलं. मीटर लावून बटन दाबलं. काटा जागचा हलला नाही. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

भावजींनी ब्रश रंगात बुडवून तिच्यापुढे धरला. ती वाकली, ठिपक्यापर्यंत ब्रश नेला आणि थांबली. मग तो तसाच डब्याच्या काठावर पुसून परत ठेवला.

“रेघ पुढच्या वेळी मारू,” ती म्हणाली.

त्यांनी बॉनेट लावलं. ती गाडीत बसली, काच खाली केली. भावजी हात पुसत उभे होते, आणि सवयीनं म्हणा की कशानं, ते वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं, आठ दिवसांनी एकदा दाखवून जा. ती हो म्हणाली. अकरा तासांचा रस्ता दोघांनाही माहीत होता.

याला आता सात महिने झाले. फोन मात्र महिन्याचा आठवड्यावर आलाय. दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून ऐकू येतं. दिवा लागतो का? नाही? बटन दाबल्या दाबल्या चालू होते? पावसातसुद्धा? बरं. चांगलं आहे. दर वेळी त्यांचा आवाज थोडा उतरतो. उभ्या आयुष्यात एवढं मन लावून त्यांनी एकही दुरुस्ती केली नसेल, आणि त्या गाडीला आता इकडे यायचं कारणच उरलं नाही.

परवा ते थिनर मागायला आले. पिवळा रंग घट्ट होत चाललाय, दर आठवड्याला ढवळूनही त्यावर साय धरते म्हणाले. माझी जीभ चालायची थांबते थोडीच. मी म्हटलं, त्या जुन्या डब्यात काय जीव अडकलाय तुमचा, नवीन घ्या की.

“नव्या डब्याची छटा जुळत नाही, वहिनी,” ते म्हणाले. “रेघ ठिपक्याच्याच रंगाची लागेल.”

मी थिनरची अख्खी बाटली त्यांच्या हातात दिली.