आबांना रूम बघायची होती

पुण्यात रूम शोधून दमलेल्या चार पोरी चहाला जमल्या की अभ्यासाचा विषय निघतच नाही. एकीनं घरमालकाचं काही सांगितलं की दुसरी लगेच, "हे तर काहीच नाही, माझं ऐक!" माझ्याकडचे सगळे किस्से दोनच दिवसांतले आहेत, आणि आठवले की अजून डोकं तापतं.

मी आणि मनीषा. एम.ए.ला दोघींचा नंबर लागला, हॉस्टेलला लागला नाही. मनीषा परभणीकडची. तिच्या वडलांची, म्हणजे आबांची, गावात पिठाची गिरणी. पोरीला शिकवायला ते तयार होते, पण अट एकच. राहायची जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. पटली तर ठीक, नाहीतर पोरगी त्यांच्याबरोबरच परत. गिरणी दोन दिवस बंद ठेवून ते पुण्याला आले.

*

पहिलं घर नारायण पेठेत. मालक रिटायर्ड, समोर वही-पेन घेऊन बसलेले. विचारलं, स्वयंपाक करणार का? आम्ही हो म्हटलं. म्हणाले, मग वास येणार. बरं, नाही करत, मेस लावू. मग म्हणाले, जेवून उशिरा येणार.

मी वैतागून विचारलं, "मग काका, आम्ही करायचं तरी काय?"

"ते मी कसं सांगणार? जागा तुम्हाला हवी आहे."

आबा उठले आणि चपला घालायला लागले.

*

धायरीत चार मजली बिल्डिंग, खाली 'रूम भाड्याने देणे आहे' अशी ठळक पाटी. मालकांनी आधी आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना, म्हणून गाव. तेवढ्यानंही भागेना.

"ते झालं. पण तुमी नेमके कोण?"

"विद्यार्थी," मनीषा म्हणाली.

त्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि रूम कालच गेल्याचं सांगितलं. मी पाटीकडे बोट केलं.

"पाटी हाय. रूम नाय."

असा संताप आला होता ना! आबांनी माझा हात धरून मला रस्त्यावर आणलं, नाहीतर मी काहीतरी बोललेच असते.

*

कात्रजच्या एजंटनं व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला. झकास रूम, पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी. म्हणाला, आजकाल कोणी बघत बसत नाही, लगेच फायनल करा. आबा म्हणाले, मी गहूसुद्धा मुठीत घेतल्याशिवाय दळत नाही. गेलो. खिडकीच नव्हती! व्हिडिओ दाखवला तर पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "तो सॅम्पल रूम होता मॅडम."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी एक लेडीज पीजी बघितलं. स्वच्छ, हवेशीर, बसस्टॉप जवळ. आम्हाला एकदम पसंत. आबांची गाडी संध्याकाळची, म्हणून दुपारी ते सामानासकट टेम्पो घेऊन तिथंच आले. ते गेटसमोरच टेम्पोचे दोर सोडत होते, तेवढ्यात मी गेटवर मालकीणकाकूंना सांगितलं की मनीषाच्या वडलांना फक्त एकदा रूम बघायची आहे.

"पुरुषांना वर प्रवेश नाही. वडील असोत नाहीतर आजोबा."

"दोन मिनिटं, काकू. त्यांनी बघितली नाही तर ते तिला ठेवणार नाहीत."

"मग नका ठेवू. एकाला सोडलं की सगळे येतात."

मनीषाचा चेहरा पडला. मी म्हटलं, मग एवढी मोठी ट्रंक वर कोण नेणार?

"हमाल नेईल. कामाच्या माणसांचं वेगळं असतं." काकूंनी आबांकडे बोट केलं. "तो आहे ना, त्याला सांगा."

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. त्यांनी पंचा डोक्याला गुंडाळला, ट्रंक उचलली आणि जिना चढायला लागले. मागून काकू, त्यांच्यामागे आम्ही.

रूममध्ये काकू दारातच उभ्या. ट्रंक कुठं ठेवायची, असं आबांनी मान वर न करता विचारलं. मनीषानं आधी दारातल्या काकूंकडे बघितलं. मग म्हणाली, "खिडकीपाशी ठेवा, मामा."

आबांनी ट्रंक ठेवली. खिडकी उघडून बाहेर बघितलं, नळ सोडून बघितला, दाराची कडी दोनदा लावून काढली.

"ताई, कडी ढिल्ली हाय. बदलून घ्या. लेकी राहतेत इथं."

जाताना त्यांनी मला हळूच मान हलवून दाखवली. जागा पसंत होती. ते जिना उतरून गेले.

काकू मनीषाला म्हणाल्या, "माणूस चांगला दिसतोय. नंबर घेऊन ठेव त्याचा, पुढे उपयोगी पडेल."

मनीषा म्हणाली, "आहे माझ्याकडे."