वर्तुळबाईंच्या टिकल्या

कुठल्याही खोलीत शिरल्या की त्या आधी खुर्च्या हलवायच्या. टेबलं भिंतीला, खुर्च्या गोल, आणि अध्यक्षांची मऊ गादीची खुर्ची असलीच तर ती सरळ व्हरांड्यात. म्हणून त्यांचं नाव पडलं वर्तुळबाई. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांचा धंदाही जगावेगळा. सामाजिक संस्थांच्या बैठका आणि कार्यशाळा आखायच्या, चालवायच्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांना एका खोलीत बसवायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून एक निर्णय काढून घ्यायचा. स्वतः मात्र मत म्हणून अवाक्षर काढायचं नाही. धाकटी बहीण चिडवायची, "ताई, तुझं बरं आहे. भांडण दुसऱ्याचं, डोकेदुखी दुसऱ्याची, तू नुसता माइक फिरवायचा."

या वेडाचं मूळ त्यांच्या घरात होतं. वडिलांचा आवाज एवढा मोठा, की बाकीच्यांना काही मत असतं हे भिंतींनासुद्धा कळलं नसेल. थोरलीचं कॉलेज त्यांनी एका वाक्यात बंद केलं, धाकटीचं लग्न दुसऱ्या वाक्यात ठरवलं. पुढे थोरली एका संस्थेत बैठकांची टिपणं लिहायला लागली, तेव्हा तिला दिसलं की इथेही घरचाच कारभार आहे. ज्याचा घसा मोठा त्याचाच ठराव मंजूर. मग तिनं चंगच बांधला. तिच्या खोलीत सगळ्यांचं वजन सारखं असणार, आणि तिचं स्वतःचं शून्य.

त्यासाठी त्यांनी टिकल्यांची पद्धत बसवली होती. भिंतीवर प्रत्येक कामाचा एक मोठा कागद लावायचा, प्रत्येकाच्या हातात दोन गोल चिकट टिकल्या द्यायच्या, आणि जे काम टिकावं असं वाटतं त्यावर त्या चिकटवायच्या. मेंढरांसारखं एकामागोमाग होऊ नये म्हणून टिकली कागदाच्या पाठीमागे लावायची. आणि आपल्या स्वतःच्या कामाला टिकली द्यायची नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा रोग इथे चालणार नाही, असं त्या हसत सांगत. लोकही हसत. हा शेवटचा नियम खास त्यांचा होता आणि त्यावर त्यांचा फार जीव.

धाकटीचा संसार टिकला नाही. मुलगी झाली, ती मान धरेना, बोलेना, तेव्हा नवऱ्यानं काढता पाय घेतला. धाकटी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. ते जमत होतं एकाच गोष्टीमुळे. गावातल्या एका संस्थेचं अशा मुलांसाठी केंद्र होतं. सकाळी पोरीला तिथे सोडायचं, संध्याकाळी आणायचं. तिथल्या बायका पोरीला भरवायच्या, तिचे हातपाय चोळायच्या, गाणी म्हणायच्या. पोर तिथल्या मोठ्या बाईंचा आवाज ओळखून हसायलाही लागली होती.

त्याच संस्थेच्या संचालिकांचा एक दिवस निरोप आला. देणगीदारांनी हात आखडता घेतला होता. चार कामांतलं एक बंद करावं लागणार होतं. मुलांचं केंद्र, फिरतं वाचनालय, शिवणवर्ग आणि कायद्याचा सल्ला, यांतलं कुठलं, ते कर्मचाऱ्यांनीच ठरवावं. "तुमची भाची आमच्याकडे असते, मला माहीत आहे," संचालिका म्हणाल्या. "पण तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. शहाण्या बाईनं म्हटलंच असतं. पण निःपक्षपातीपणाचं कौतुक वर्तुळबाईंना चढायचं. त्यांनी होकार दिला. धाकटीला सांगितलं, तेव्हा तिचा जीव आधी टांगणीला लागला आणि मग खाली आला. ताई असणार म्हटल्यावर तिनं पुढे काही विचारलंच नाही.

कार्यशाळा देखणी झाली, हे त्यांच्या शत्रूनंही मान्य केलं असतं. प्रत्येक कामाच्या माणसांना सारखाच वेळ मिळाला. वाचनालयाची गाडी चालवणारा बोलता बोलता रडला. कायद्याच्या सल्ल्याला बसणारी तरुण वकील म्हणाली, आमचं काम कुणाला दिसत नाही, आम्हीच जाणार. शिवणवर्गाच्या बाई तर आवराआवर करूनच आल्यासारख्या बसल्या होत्या. मुलांच्या केंद्राच्या मोठ्या बाई थोडक्यात बोलल्या. त्यांना फार सांगायची गरजच वाटली नाही, कारण खोलीत सगळ्यांचे डोळे त्यांच्या बाजूनं ओले होते.

मग टिकल्या लागल्या आणि कागद उलटे केले. मुलांच्या केंद्राचा कागद जवळजवळ कोरा होता.

मग शिवणवर्गाच्या बाई पुटपुटल्या, की मुलांना तर सगळेच देतील असं वाटलं, म्हणून मी वाचनालयाला दिल्या. गाडीवाल्यालाही तेच वाटलं होतं. वकील मुलीलाही तेच. आणि केंद्राच्या बायका, संस्थेत सर्वांत जास्त संख्येनं त्याच, त्यांना तर नियमानं स्वतःच्या पोरांना टिकली द्यायचीच नव्हती. त्यांनी भल्या मनानं आपल्या सगळ्या टिकल्या इतरांना वाटून टाकल्या होत्या.

काय घडलं ते वर्तुळबाईंना क्षणात कळलं. त्यावरचा उपायही त्यांच्या हातात होता. पहिली फेरी कल बघायला, दुसरी निर्णयाला, असं त्यांनी आजवर कितीतरी ठिकाणी केलं होतं. वकील मुलीनं विचारलंसुद्धा, "बाई, परत घेऊया का?"

खोली त्यांच्याकडे बघत होती. संचालिकाही बघत होत्या. आणि वर्तुळबाईंच्या मनात आलं, भाचीसाठी फिरवलं म्हणतील. एवढ्या वर्षांचं नाव एका दुपारी धुळीला मिळेल.

"निकाल आवडला नाही म्हणून परत घ्यायचा," त्या म्हणाल्या, "तर मग पद्धत हवी कशाला?"

गोष्ट तिथे संपली. संचालिकांचा तर सुंठीवाचून खोकला गेला. सर्वांत खर्चाचं काम बंद झालं आणि शिक्का लोकांचा लागला. जाताना त्यांनी वर्तुळबाईंचा हात हातात घेतला आणि इतकी निखळ प्रक्रिया आपण पाहिली नाही, असं सांगितलं. मोठ्या बाई कोपऱ्यात बसून आपल्या पिशवीचा बंद सोडत आणि बांधत होत्या.

संध्याकाळी वर्तुळबाई बहिणीकडे गेल्या. धाकटी पोरीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होती. त्यांनी काही लपवलं नाही. टिकल्या, नियम, कोरा कागद, वकील मुलीचा प्रश्न आणि आपलं उत्तर, सगळं सांगितलं. पोरीच्या हनुवटीवरून घरंगळलेला भात धाकटीनं बोटानं पुसला.

"म्हणजे परत घेता आलं असतं."

"हो."

"मग लोक काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, भाचीसाठी केलं."

"म्हणू द्यायचं होतंस की, ताई," धाकटी म्हणाली. "भाचीच आहे ना ती तुझी?"

वर्तुळबाईंनी चमचा घ्यायला हात पुढे केला. धाकटीनं तो दिला नाही. तिनं पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं, ताईकडे पाठ होईल अशी बसली आणि पुढचा घास भरवला.