डोहासुराला बट्टीचा आग्रह

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. म्हणजे तुम्ही हसणारच, ते मला ठाऊक आहे, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. गादीचा अभ्रा कालच धुतलाय. तर झालं असं, की तीन वर्षं मी एका राक्षसाच्या मरणाची तयारी केली आणि ऐन मरणाच्या वेळी... नाही, असं शेपटाकडून नको. पहिल्यापासून ऐका.

मी चित्रकलेचा मास्तर. राहायला तापीकाठच्या आमच्या गावात, सिंधीपुऱ्यात. वर्गात पोरं कागदावर केळीचं झाड काढत असतात आणि मी खिडकीबाहेर बघत कुठल्या तरी वेगळ्याच गावात पोचलेला असतो. आमची वैशाली म्हणते, "तुमचा एक पाय जमिनीवर असतो, दुसरा कुठे असतो ते तुम्हालाच माहीत." बायको आहे, तिला बोलायचा हक्क आहे. आणि खोटं कुठे बोलते?

एकदा पाहुण्यांना गावाजवळचा कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेलो होतो, म्हणजे जमिनीखालच्या पाटाने एकमेकींना जोडलेल्या शंभरेक जुन्या विहिरी. खाली उतरलं की थंडगार अंधार, पायाशी झुळझुळ पाणी, आणि वर बघावं तर एकामागे एक कुंड्यांच्या तोंडांतून पडलेला उजेड. पाहुणे फोटो काढत होते. मी मात्र तिथेच थिजलो. मला वाटलं, या काही विहिरी नव्हेत. ही कुणाच्या तरी झोपेत उतरायची वाट आहे!

झालं. घरी येईपर्यंत गोष्ट तयार. तापीची झोप कुणीतरी चोरली आहे. नदीला झोप नाही, म्हणून गावात कुणालाच स्वप्न पडत नाही. चोर कोण? डोहासुर. शंभर विहिरींच्या खाली तो एकटा बसलाय, नदीची झोप उशाशी घेऊन. शूर वीर तिथे जातात, त्याला मारतात, आणि मरता मरता तो सांगतो, "मला कधी झोपच आली नाही रे. एकदा तरी कशी लागते ते बघावं, म्हणून चोरली." अहाहा! हे वाक्य लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

याचा मी खेळ करायचं ठरवलं. टेबलाभोवती बसून खेळतात ना, तसला. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्यातली पात्रं होतात, आपण काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. सूत्रधार अर्थात मी. दर रविवारी खेळायचो. मी सांगायचो आणि बाकीचे ऐकायचे.

शेवटी प्रशांतने तोंड उघडलं. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, केळीची बाग आहे त्याची. म्हणाला, "सुधीरभाऊ, सीधी बात सांगू का? दीड घंटा झाला, मी अजून तलवार नाही काढली. आपण खेळतोय की कथेला बसलोय यार?"

मी त्याला अरसिक ठरवून मोकळा झालो.

पण पुण्याच्या देवधरांना अरसिक कसं म्हणणार? ते असे खेळ छापतात. मी धीर करून त्यांना सगळं बाड पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. "कथा छान आहे हो. पण कथा वाचायला लोक पुस्तक घेतील. खेळणाऱ्याने करायचं काय? नियम कुठे आहेत? मी रविवारी तिकडे येतोय. एक डाव बसवा, बघतो आणि काय ते ठरवतो."

म्हणजे बघा! तीन वर्षांचं स्वप्न, आणि हातात एक आठवडा.

नियम म्हटलं की मी दहा हात लांब पळतो. गोष्ट म्हणजे नदी, तिला कसले नियम? पण बसलो. बळ किती, मान किती, जखम झाली तर काय. जेवल्यावर जखम भरते, असा एक नियम केला. वैशालीने वाचून लगेच सांगितलं, "मग सगळे नुसते खातच बसतील." म्हणून पुढे जोडलं, जेवणाने तृप्तीचे गुण वाढतात आणि दहा झाले की पात्राला झोप लागते. आणि आपल्या मातीचा वास यावा म्हणून शेवटी, अगदी पाच मिनिटांत, एक आग्रहाचा नियम लिहिला. कुणी तीनदा आग्रह केला तर समोरच्याने खायलाच हवं. नाकारलं तर एक मान जातो. मान शून्य झाला की पात्र खेळातून बाद.

"हा राक्षसालाही लागू का?" वैशालीने विचारलं.

मी मोठ्या दिलदारपणे म्हणालो, "सगळ्यांना. नियम म्हणजे नियम!"

आणि डोहासुराला बळ दिलं शंभर. मान एक. राक्षसाला मान घेऊन काय करायचाय?

रविवार उजाडला. तिसरा खेळाडू यायचा होता, तो मावसभावाच्या लग्नाला पळाला. आता? पण देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही. माझ्याकडे तुकईथड गावाहून आला. माझी कमलमावशी! केळीच्या दोन फण्या घेऊन दारात उभी. पुण्याचा पाहुणा जेवायला आहे म्हटल्यावर तिने पदर खोचला आणि कणकेचे गोळे तळून वरण-बट्टीचा घाट घातला. मी तिला म्हटलं, "मावशी, जेवणाआधी जरा खेळायला बसशील?"

"पत्ते असतीन तं बसते."

"पत्ते नाही गं. एका राक्षसाला मारायचंय."

"मारू ना. बट्ट्या होऊ दे."

देवधर आले. बारीक, शांत माणूस, हातात वही. साडेचारच्या गाडीने परत जायचं होतं त्यांना. सगळे गादीवर बसलो, कूलर लावला, आणि मी सुरू केलं. विहिरींचं वर्णन केलं. अंधाराचं वर्णन केलं. पाण्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला. डोहासुराच्या नुसत्या भुवयांना दहा मिनिटं लागली. देवधर वहीत काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, माझी वाक्यं उतरवून घेतायत!

प्रशांतने एकदाची तलवार काढली. फासा टाकला, दोन. तलवार निसटून पाण्यात. वैशालीने मंत्र म्हटला, फासा टाकला, तीन. मंत्र अर्ध्यात विसरली. आता राक्षस एका घासात तिघांना गिळणार, मग घनघोर युद्ध, मग त्याचं ते मरण... मी घसा खाकरला.

"माही पाळी आली का?" मावशी म्हणाली.

"तुझीच."

"मंग मी त्याले जेवाले वाढते."

"मावशी, राक्षस आहे तो!"

"म्हून काय झालं? त्याले पोट नाही का? अन् आपन त्याच्या घरी आलो ना? रिकाम्या हातानं जाते का कोनी?" असं म्हणून ती खरोखरच उठली आणि स्वयंपाकघरातून खरंखुरं ताट घेऊन आली. कुस्करलेली बट्टी, त्यावर वरण, घोटलेली वांगी, आणि तूप तर वाटीने ओतलेलं. ताट माझ्यापुढे ठेवलं. "घे रे डोहासुरा."

मी राक्षसी आवाजात गरजलो, "मूर्ख मानवांनो! माझी भूक अन्नाची नाही!"

"आधी खाय, मंग बोल. उपाशी पोटी मानूस असाच वाकडा बोलते. खाय ना बापा!"

"तीन झाले!" प्रशांत एकदम ओरडला. त्याच्या हातात माझीच नियमांची वही. "आग्रह तीनदा झाला. आता खावंच लागते, भाऊ. आणि नाही म्हणाला तर मान जातो. याच्याकडे मान आहेच किती? एक!"

मी देवधरांकडे पाहिलं. त्यांनी पहिल्यांदाच वहीतून डोकं वर काढलं होतं. "नियमाप्रमाणे बरोबर आहे," ते म्हणाले.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? नुसतं 'राक्षसाने खाल्लं' म्हणायला हवं होतं. पण समोर मावशीची बट्टी, तुपाचा वास, आणि मी सकाळपासून काळजीने उपाशी! राक्षसाने खाल्लं. मीही खाल्लं.

"दोन गुण तृप्ती," वैशालीने लिहून घेतलं.

दुसरी बट्टी आली. मी "नको" म्हटलं. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे नको म्हणजे अर्धी, नको नको म्हणजे एक, आणि ताटावर आडवा हात धरला तर दोन. मी हात धरला. चार झाले, सहा झाले. मी मधूनमधून कथा पुढे ढकलायचा प्रयत्न करत होतो. "डोहासुराच्या डोळ्यांत युगायुगांचं जागरण..." आणि मावशी म्हणायची, "पाह्य बरं, कसा सुकला पोरगा. वाढ गं वैशाली तूप." आठ. वर मावा जिलबी. दहा!

"झोपला राक्षस!" प्रशांतने टाळी दिली.

माझा जीव कळवळला. पण मी काही कच्चा सूत्रधार नाही. मनात म्हटलं, झोपू दे. झोपेत बरळला म्हणून ते शेवटचं वाक्य म्हणून टाकू! तेवढं ऐकलं की देवधर विरघळतील. मी नाटकीपणे तक्क्यावर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि योग्य क्षणाची वाट बघू लागलो.

आणि काय सांगू, काय तो क्षण आला! कूलरचा आवाज हळूहळू पाण्याचा झाला. वरून उजेडाची वर्तुळं एकेक करून खाली उतरली, पाण्यावर तरंगत लांब गेली. तापी कुशीवर वळली. मी उभा राहून ते वाक्य म्हटलं. प्रशांत रडत होता, मावशी पदराने डोळे पुसत होती, आणि देवधर माझे हात हातात घेऊन म्हणत होते, "असं काही मी आजवर ऐकलं नव्हतं..."

डोळे उघडले तर खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलेलं. अंगावर चादर. खोलीत चिटपाखरू नाही, एकटी वैशाली चहा पीत बसलेली.

"देवधर?"

"गेले. प्रशांतभाऊजी सोडायला गेलेत स्टेशनवर. मावशी बाजारात गेली."

मी ताडकन उठलो. "अगं, मग मला उठवायचं नाही का!"

"उठवत होते. देवधरांनीच हात धरून थांबवलं. म्हणाले, किती सुंदर अभिनय करतात हो! तुम्ही घोरायला लागलात तेव्हा कळलं त्यांना."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तीन वर्षं! तीन वर्षांची गोष्ट मी बट्टीबरोबर गिळून बसलो होतो.

"मग? उठून गेले?"

"छे! दोन तास खेळलो आम्ही. मावशी म्हणाली, बिचारा जन्मात पहिल्यांदा झोपलाय, त्याले उठवू नका. नदीची झोप त्याच्या उशाखालून हळूच काढून न्यायची. जो मोठ्याने बोलेल त्याने फासा टाकायचा, राक्षस जागा झाला की सगळे खलास. नदीची झोप म्हणून मी तुमच्या उशाखाली रुमाल ठेवला. अहो, देवधर स्वतः खेळले! रांगत आले तुमच्यापर्यंत. तुम्ही कुशीवर वळलात तेव्हा तर त्यांनी श्वासच रोखून धरला. घाम फुटला होता त्यांना. रुमाल हातात आला आणि चौघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, खरंच."

माझ्या उशाशी! माझ्याच खेळात! आणि मी स्वप्नात भाषण करत होतो. हसावं की रडावं कळेना.

"म्हणजे... छापणार?" मी घाबरत घाबरत विचारलं.

"छापणार म्हणाले. नियम एकदम पक्के आहेत म्हणाले, आणि आग्रहाचा तर फारच."

"आणि कथा?"

"कथाही ठेवणार आहेत. एकच बदल सांगितलाय."

"कोणता?"

वैशालीने चहाचा कप खाली ठेवला. "राक्षस पहिल्या पानापासून झोपलेला हवा," ती म्हणाली. "आणि जमलं तर सूत्रधारसुद्धा."