बाईंची बिनफोडणीची चवळी

आमच्या कबड्डीच्या बाई रागावल्या तरी आणि खूश झाल्या तरी आमच्या हातात एकच गोष्ट ठेवत : वाटीभर उकडलेली चवळी. मीठ, लिंबू, बास. विश्रांतवाडीच्या मैदानाकडेला पत्र्याची खोली होती, तिथं त्यांचा कुकर. भिजवलेली चवळी घरून आणायच्या आणि आमचा सराव संपेपर्यंत ती मऊ झालेली असे.

"बाई, वर थोडी शेव घातली तर?" असं एकीनं विचारलं होतं.

"घालू की. टेबलही पुसून घेते. मेनूकार्ड आणू?"

पोषणावर त्यांनी कधी व्याख्यान झोडलं नाही. आताच्या मुली प्रोटीन पावडरीचे डबेच्या डबे आणतात. बाई नुसत्या वाटीकडे बोट दाखवत. "यात प्रथिनं आहेत, लोह आहे. लिंबू पिळलं की ते लोह अंगी लागतं." चवळी शिजलेलं पाणी, म्हणजे कळण, तेही प्यावं लागे. "कळण मोरीत ओतणारीनं उद्यापासून बुद्धिबळ खेळावं," असा दम होता.

एक नियम मात्र मला तऱ्हेवाईक वाटायचा. वाटी त्यांच्यासमोर, मांडी घालून संपवायची. घरी न्यायला सक्त बंदी.

मी नवीनच होते तेव्हा चढाई करताना चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. आईनं खेळ बंद केला. मैदान सुटणार म्हणून मी घरात रडून गोंधळ घातला. संध्याकाळी बाई दारात हजर.

"खेळ बंद करा हो ताई," त्या आईला म्हणाल्या, "पण घरी उसळ करता ना? हिच्या वाटीत किती येते?"

आई हळूच म्हणाली, "आम्ही दोघी मागून बसतो. रस्सा उरतो, तो खातो."

बाईंनी तिला एका शब्दानं दोष दिला नाही. "मग हिला माझ्याकडे पाठवा. खेळायला नको, खायला. आणि तुम्हीपण या."

आई पत्र्याच्या खोलीत संकोचत आली आणि कोपऱ्यात उभी राहूनच खायला लागली. बाई कडाडल्या, "ताई, खाली बसा. इथं मागून बसायची पद्धत नाही!" आई बसली. तिच्या पुढ्यात पहिल्यांदाच कुणीतरी भरलेली वाटी ठेवत होतं. तो तऱ्हेवाईक नियम कशासाठी होता, ते मला त्या दिवशी कळलं. पुढं माझं रक्त वाढलं आणि आईनंच मला पुन्हा मैदानात पाठवलं.

आता त्याच मैदानावर मी शिकवते. बाई कात्रजला मुलाकडे असतात. मध्यंतरी त्यांच्या सुनेचा फोन आला. आजारपणानंतर बाईंनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. "रोज म्हणतात, तुम्ही जेवून घ्या, मी मागून बसते," तिनं सांगितलं. बाईंच्या तोंडी हे वाक्य?

चवळीचा डबा घेऊन, स्वारगेटला बस बदलून कात्रज गाठलं. बाई अगदी वाळल्या होत्या.

"ठेव तिथं. मागून खाते."

मी वाटी भरून त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "बाई, मागून बसायची पद्धत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहून तेच जुने डोळे वटारले. मी हलले नाही.

"लिंबू पिळलंस?"

"पिळलं."

सावकाश, एकेक दाणा चावत त्यांनी वाटी संपवली. मग रिकामी वाटी माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "कळण कुठाय?"