दोन नंबर चेंबरचा सा

केळीच्या घडावर हात ठेवून सांगतो, पुढचं सगळं खरं आहे. म्हणजे एक गोष्ट सोडून. ती कुठली ते शेवटी सांगेन, तोवर सगळं खरंच धरा.

किस्से साठवावे लागत नाहीत. जळगावकडच्या सावद्याला नानांच्या केळीच्या गोदामात दर गुरुवारी संध्याकाळी आमची बैठक बसायची. नाना पेटीवर, मी तबल्यावर आणि गायला वंदूअक्का. बाहेर रिकामे क्रेट साचत, आत किस्से. क्रेट निदान परत तरी जातात.

अक्का नानांच्याच रायपनिंग सेंटरमध्ये कामाला. केळी पिकवायच्या बंद खोल्या, त्यांचं तापमान बघायचं, टिपायचं. विशारद झालेली बाई! पण घरी गाण्याला जागा नाही, म्हणून दोन नंबर चेंबरच्या दाराशी क्रेट उलटा टाकून रियाज करायची. तिथलं थंड हवेचं मशिन दिवसरात्र एका सुरात घुमायचं. अक्कानं त्यालाच तंबोरा केलं.

नाना भारी खूश. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, हा माल भूप ऐकून पिकलाय."

शेठ शांतपणे म्हणाला, "मग मागच्या गाडीला भैरवी ऐकवली होती का? पोचली तेव्हा सगळा माल निरोप घेत होता."

-

लेकीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात अक्का एकदम म्हणाली, "मला एम.ए. करायचंय. गाण्यात. विद्यापीठात जाऊन, वर्गात बसून."

वीस-एक वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी तबल्यावर पावडर टाकत होतो, ती टाकतच राहिलो. तबला पांढराफटक.

नाना लगेच म्हणाले, फी मी भरतो, होस्टेलचा खर्चही माझ्याकडे लागला. आम्हाला वाटलं, झालं काम.

अक्का म्हणाली, "नाना, तुम्ही भरलीत तर मी तुमची गाणारी होईन. मला विद्यार्थिनी व्हायचंय."

त्या दिवशी बैठक लवकर उठली.

-

मग प्रवेशाची परीक्षा. विद्यापीठ रात्रभराच्या गाडीचं, सोबतीला मी. समोर तीन परीक्षक. मधल्या सरांनी विचारलं, "बाई, तुमचा स्वर कोणता?"

अक्का घाबरलेली. म्हणाली, "दोन नंबर चेंबर, सर."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग अक्कानं डोळे मिटून सा लावला. सर पेटीवर शोधताहेत, शोधताहेत. शेवटी म्हणाले, "हा पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला आहे. पेटीत नाही हा."

"पेटीत कसा असेल सर? केळ्यांत आहे."

त्यानंतर त्यांनी तिला बराच वेळ गायला लावलं. मी दाराबाहेर उभा होतो. गाणं संपलं तरी आतून पुढच्या नावाचा पुकारा होईना. प्रवेश मिळाला हे मला तेव्हाच कळलं.

-

आता प्रश्न पैशाचा. मी डोकं लढवलं. त्या वर्षी प्रवेश लांबले होते, हिवाळा तोंडावर होता, म्हटलं, नानांच्या शेतात भरीत पार्टी ठेवू. आधी अक्काचं गाणं, मग भरीत, आणि दोन्हीचं मिळून तिकीट. छापलीसुद्धा तिकिटं!

पण आपल्याकडे भरिताला तिकीट काढून कोण येतं? लोक आले, भरपूर आले, आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं घरची वांगी आणली. पैसे न देताच तिकिटं खिशात घालून सगळे सतरंजीवर बसले. मंचाशेजारी वांग्यांचा ढीग लागला.

त्यात माझी दुसरी चूक म्हणजे चूल वाऱ्याच्या अंगाला. अक्का विलंबितात शिरली आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा वास थेट सतरंजीवर आला. आमचा धुळ्याचा ड्रायव्हर हिरामण हात जोडून उठला.

"अक्का, गानं भलतं ग्वाड शे, पन वांगं जळी ऱ्हायनं."

अक्कानं तिथल्या तिथे द्रुत धरलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली वांगी बाजारात गेली, आणि त्यात पहिल्या हप्त्याची सोय झाली. विद्यापीठातल्या क्लार्कनं विचारलं, खर्च कोण करतंय? अक्का म्हणाली, "सध्या वांगी."

-

बाकीच्यासाठी तिनं तिथं 'कमवा आणि शिका'त नाव घातलं. लेकीपेक्षा लहान पोरींच्या रांगेत उभी राहिली. काम मिळालं बागेत. माळ्यानं हातात विळा दिला आणि विचारलं, "मावशी, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापता येतात का?"

हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा नाना हसून हसून खोकायला लागले. मग बराच वेळ खोकतच राहिले. फडक्यानं डोळे पुसले, म्हणाले खोकला फार आहे.

-

आता शेवटचा किस्सा.

तिथं अक्काला खरा तंबोरा मिळाला, गुरू मिळाले. पण सा लागेना. गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. म्हणाली, "नाना, चेंबर चालू आहे का?"

नानांनी मोबाईल स्पीकरवर टाकला, दोन नंबरच्या दाराशी तिच्याच क्रेटवर ठेवला आणि बाजूला झाले. मशिन घुमत होतं. थोड्या वेळानं पलीकडून सा आला.

तेवढ्यात लाईट गेली. मशिन बंद. गोदामात अंधार, आणि त्या अंधारात तिचा सा होता तिथंच, हललासुद्धा नाही. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. मग लाईट आली, मशिन घरघरलं, अडखळलं आणि बरोबर तिच्या सुरावर येऊन बसलं.

नाना हळूच म्हणाले, "आता ते तिचं बघून लावतंय."

तेव्हापासून दर गुरुवारी अक्काचा फोन येतो.

तर यातलं खोटं काय, ते सांगायचं कबूल केलंय. मशिनचं खरं आहे. वांग्यांचंही खरं. दर गुरुवारी फोन येतो, हे तेवढं मी रचलं. सा लागण्यासाठी फोन आला तो त्या एकाच गुरुवारी. नंतर तिला गरज पडली नाही.

नाना मात्र दर गुरुवारी मोबाईल त्या क्रेटवर ठेवतात.